पाचारण आणि कृपादानांची पारख

ख्रिस्ती घरात वाढलेल्या तरुण-तरुणींचे शिक्षण संपत आले आणि नोकरीचा अथवा विवाहाचा विचार घरात सुरू झाला, की त्यांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो: देवाने मला कशासाठी पाचारण केले आहे, आणि मला कोणते कृपादान दिले आहे? प्रश्न प्रामाणिक असतो, आणि तो विचारणाऱ्याची थट्टा करणे हे पाळकाला तर नाहीच, पण कोणाही वडीलधाऱ्या माणसाला शोभत नाही. परंतु तो सोडवण्याची जी रीत आपल्या मंडळ्यांत रूढ होऊन बसली आहे, म्हणजे खोलीचे दार लावून घ्यावे, अंतःकरणाचा ठाव घेत राहावे, एखादी खूण मागावी आणि ती मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, ती रीत शास्त्राला धरून नाही आणि अनुभवालाही उतरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कृपादान आधी ओळखावे आणि मग वापरावे असा क्रम क्वचितच घडतो. ते वापरता वापरता कळते, आणि तेही बहुतेक वेळा आपल्याआधी दुसऱ्याच्या ध्यानात येते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते या एकाच मताच्या अनुरोधाने.

पाचारणाचे दोन थर शास्त्रात आढळतात. पहिले पाचारण सर्वांना सारखे आहे: ख्रिस्ताचे व्हावे, पवित्र जीवन जगावे, परस्परांवर प्रीती करावी. पौलाच्या पत्रांत पाचारणाचा विषय निघतो तेव्हा बहुतांशी हेच अभिप्रेत असते, आणि यासाठी कोणालाही खुणेची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरे विशेष पाचारण, म्हणजे अमुक कामासाठी अमुक माणसाला वेगळे काढणे, हे तुलनेने विरळ आहे. आणि मौजेची गोष्ट अशी की, जेथे ते घडले तेथेही ते एकट्याच्या अंतःकरणात पूर्ण झाले असे सहसा दिसत नाही. बालक शमुवेलाला हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला उमगले नाही. तो तीनदा एलीकडे धावत गेला, आणि दृष्टी मंदावलेल्या त्या म्हाताऱ्या याजकाने हाकेचा धनी ओळखून दिला. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, तर दमास्कसच्या वाटेवर प्रत्यक्ष प्रभूने गाठले. तरीसुद्धा पुढे काय करावयाचे ते त्याला शहरात जाऊन ऐकावे लागले आणि हनन्या नावाच्या एका साध्या शिष्याच्या हाताखाली मान वाकवावी लागली. पुढे कित्येक वर्षांनी बर्णबाबरोबर तो सुवार्तेच्या पहिल्या मोठ्या प्रवासाला निघाला तो अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवून, त्यांची रवानगी केल्यानंतर. ज्याला दर्शनाची सनद मिळाली होती त्यानेही मंडळीला डावलून मुखत्यारी चालवली नाही. मग आपण, ज्यांना फार तर एखाद्या उपासनेत मन भरून आल्याचा अनुभव आहे, त्यांनी एकट्याच्या कौलावर किती विसंबावे?

कृपादानांविषयीही असाच एक गैरसमज घर करून आहे. रोमकरांस व करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत, इफिसकरांच्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात कृपादानांच्या याद्या किंवा उल्लेख आहेत. पण त्यांतील एकही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. यावरून एवढे उघड होते की, कोणतीही यादी संपूर्ण असावी असा लेखकाचा हेतूच नव्हता. त्यातही करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय पाहावा. तेथे चमत्कार आणि रोग बरे करणे यांच्या पंगतीलाच इतरांना साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे ही दोन कामे बसवली आहेत. मंडळीचा जमाखर्च चोख ठेवणारा खजिनदार, प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटेपासून चुलीपाशी उभी असणारी मावशी, प्रार्थनामंदिराचे कौल फुटले की कोणी न सांगता शिडी आणणारा गृहस्थ, ही सारी त्या पंगतीत बसलेली आहेत. मात्र आपण त्यांना कधी तसे सांगत नाही, आणि त्यामुळे त्यांनाही ते ठाऊक नसते.

स्वाभाविक गुण वेगळा आणि आत्म्याचे दान वेगळे, अशी काटेकोर वाटणी करण्याचा हव्यास काही उपदेशकांना असतो. त्यांनी निर्गमाच्या पुस्तकातील बसालेलाची हकिकत पुन्हा वाचावी. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केलेला मनुष्य असे वर्णन शास्त्रात स्पष्ट शब्दांत प्रथम ज्याच्या वाट्याला आले, तो ना संदेष्टा होता ना याजक. सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करणारा तो कारागीर होता, आणि अहलियाब त्याचा जोडीदार. त्याच्या हातातील कसब जन्माचे, शिक्षणाचे की आत्म्याचे, या चर्चेत पवित्र शास्त्र एक ओळही खर्च करीत नाही. त्याने निवासमंडप उभारला, एवढ्याने काम भागले.

याच संदर्भात, धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती पैसा सोपवून गेला तो दाखला आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहो. एकाला पाच, एकाला दोन, एकाला एक अशा थैल्या मिळाल्या. एक थैली मिळालेल्या चाकराविषयी ऐकताना आपल्या मनासमोर एक दरिद्री, उपेक्षित मनुष्य उभा राहतो. परंतु त्या काळचे चलन पाहिले तर एक थैली म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसभराची मजुरी. सुटीचे दिवस वगळून हिशेब केला तर ती जवळजवळ वीस वर्षांची कमाई होते. म्हणजे ज्याला सर्वांत कमी मिळाले त्याच्याही हाती जन्माचे भांडवल होते. ते त्याने जमिनीत पुरले, कारण शेजाऱ्याची पाच थैल्यांची रास पाहून त्याला आपली रक्कम क्षुद्र वाटली असावी, असे मला वाटते. दाखल्यात तसे म्हटलेले नाही. तेथे केवळ भीतीचा उल्लेख आहे. पण मत्सर आणि भीती ही एकाच घरात राहणारी भावंडे आहेत. धन्याने त्याला सुनावताना जी एक तजवीज सुचवली ती मात्र आपल्या पाळकांच्या प्रवचनांत फारशी येत नाही: स्वतः व्यापार करण्याचे धैर्य नव्हते, तर निदान सावकारांच्या पेढीवर तरी रक्कम ठेवावयाची होती. भित्र्या स्वभावाच्या वाचकांनी ही सवलत ध्यानात ठेवावी. ज्याला एकट्याने शब्बाथशाळेचा वर्ग घेण्याचे धाडस होत नाही त्याने अनुभवी शिक्षकाच्या शेजारी बसून हजेरी मांडावी, मुलांकडून वचने पाठ करून घ्यावीत. जिला आजाऱ्याच्या उशाशी काय बोलावे ते सुचत नाही तिने बोलणाऱ्या बाईबरोबर जाऊन नुसते पाणी भरून द्यावे. अशा रीतीने दुसऱ्याच्या हाताखाली ठेवलेले भांडवलही व्याजासह परत येते.

आपल्याच मराठी ख्रिस्ती समाजातील दोन स्त्रियांची उदाहरणे या बाबतीत इतकी बोलकी आहेत की, ती सोडून परदेशी चरित्रांकडे धाव घेण्याची आपली सवय मला नेहमीच खटकत आली आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृताचे ज्ञान मिळाले ते आईवडिलांकडून. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, तेव्हा त्यांचा ख्रिस्ताशी कसलाही संबंध आलेला नव्हता. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाल्यावर ही विद्या त्यांनी जुन्या वस्त्रासारखी टाकून दिली नाही. १८८९ साली मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन निघाले, पुढे ते पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी, निराधार मुली पाहून त्या शेकडोंनी केडगावास आणल्या, आणि ज्या जमिनीवर शेती-बागाईत करावयाचा बेत होता तेथे पाहता पाहता मुक्तिसदन उभे राहिले. विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या बाईंना दुष्काळाने वेगळ्या कामावर तैनात केले, आणि त्यांनी आपले पहिले पाचारण कोणते होते याचा दाखला काढून वाद घातला नाही. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात, लहानपणी व्याकरणाच्या घोकंपट्टीने घडलेली तीच बुद्धी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्याच्या कामी आली. मुक्तिसदनातल्याच मुलींनी छापखान्यात खिळे जुळवले. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला व मुलीला संस्कृत शिकवले तेव्हा त्याचा शेवट कोठे होणार आहे हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून निराळी, आणि सामान्य वाचकाला अधिक जवळची. लहानपणी शाळा नाही. लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली तेवढीच पुंजी. नवरा मात्र नारायण वामन टिळक. कवी, वक्ता, ‘ज्ञानोदया’चा संपादक. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसाराची उलथापालथ झाली, आणि त्यांना स्वतःला ख्रिस्ती होण्यास पुढे काही वर्षे लागली. टिळकांचे कृपादान कोणालाही दिसावे असे होते. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची जी वाट पाडली होती तिला टिळकांच्या भजनांनी नवे बळ आले आणि परदेशी चालींवर ओढाताण करून बसवलेल्या गीतांच्या जागी मंडळी आपल्या भाषेत आणि आपल्या तालात गाऊ लागली. अशा माणसाच्या शेजारी वावरताना लक्ष्मीबाईंच्या हाती काही निराळे देणे आहे असे कोणाला वाटावे? टिळक १९१९ साली वारले. पुढे वडिलांचे चरित्र सिद्ध करण्याच्या खटपटीत मुलाने आईकडे आठवणींची मागणी केली, आणि त्या मागणीतून ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आली. पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा बाईंचे वय पासष्टीच्या पलीकडे गेले होते. आत्मचरित्र लिहिण्याचे कृपादान मला आहे काय, असे जर त्या आयुष्यभर स्वतःला विचारीत बसल्या असत्या तर उत्तर नकारार्थीच आले असते. मुलाने मागितले म्हणून त्यांनी दिले, आणि मराठी वाङ्मयाला एक अक्षय ग्रंथ लाभला.

तेव्हा वाचकहो, आरंभ कोठून करावा? माझा सल्ला असा की, ‘माझ्यात काय आहे’ हा प्रश्न काही काळ दप्तरात बांधून ठेवावा आणि ‘येथे काय अडले आहे’ हा प्रश्न हाती घ्यावा. आपल्याच मंडळीत, आपल्याच गल्लीत, कोणते काम माणूस नाही म्हणून पडून आहे ते पाहावे. म्हाताऱ्यांना औषधपाण्यासाठी इस्पितळात नेणे, शाळा सुटलेल्या मुलांना संध्याकाळी शिकवणे, दोन घरांतील तंटा मिटवणे, गायनाची पेटी वाजवणे, मंडळीचे जुने दप्तर लावणे, यांपैकी जे अडले असेल आणि जे करण्यास आपण अगदीच असमर्थ नाही, ते एक काम निश्चित मुदतीसाठी, समजा सहा महिने, अंगावर घ्यावे. दोन-तीन कामे एकदम घेऊ नयेत. उत्साहाच्या भरात घेतलेल्या पाच कामांपैकी चार अर्धवट टाकणारा मनुष्य स्वतःचीही पारख बिघडवतो आणि मंडळीचीही गैरसोय करतो. मुदत ठरवण्याचे महत्त्व विशेष आहे, कारण ती नसली म्हणजे नको झालेले काम लाजेकाजेस्तव चालू राहते आणि हवे झालेले काम कंटाळ्याच्या पहिल्याच झटक्याला सुटते.

मुदत भरली की तीन गोष्टींची खातरजमा करावी. कामाने दुसऱ्याचे भले झाले काय, ही पहिली. आपल्याला आनंद झाला काय हा प्रश्न तिच्या मागून येतो, कारण करिंथकरांना पौलाने बजावले ते हेच की, प्रत्येकाला जे दिले आहे ते सर्वांच्या हितासाठी दिले आहे. थकवा आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाकडे पाय वळले काय, ही दुसरी. आणि तिसरी, जी मला सर्वांत भरवशाची वाटते, ती ही की, लोक तेच काम घेऊन आपल्याकडे आपण होऊन येऊ लागले काय. गावात भांडण झाले की ज्याच्या ओट्यावर माणसे जमतात त्याला मध्यस्थीचे कृपादान आहे हे सांगण्यास दर्शनाची आवश्यकता नाही. याउपर दोघा-तिघांना स्पष्ट विचारावे. मात्र विचारताना एक जण तरी असा निवडावा की जो आपला आप्त नाही आणि आपल्याला खूश ठेवण्यात ज्याचे काही हित नाही. अलीकडे प्रश्नांचे छापील तक्ते निघाले आहेत. त्यांत खुणा करून गुणांची बेरीज केली की कृपादानाचे नाव हाती येते. करमणूक म्हणून ते वापरण्यास हरकत नाही. मनुष्याला काय आवडते ते त्यांवरून कळते, तो दुसऱ्याच्या काय उपयोगी पडतो ते कळत नाही.

ज्यांना पूर्ण वेळ सुवार्तेच्या अथवा पाळकपणाच्या सेवेत जावेसे वाटते त्यांना चार शब्द अधिक सांगणे भाग आहे. नोकरीत अपयश आले, परीक्षा साधली नाही, घरात वाद झाला, म्हणून व्यासपीठाकडे वळणाऱ्यांची संख्या अगदीच थोडी नसते; आणि पाळकांचा हुद्दा समाजात मानाचा असल्यामुळे कधी कधी आईबापांचा नवसही मुलाचे पाचारण ठरतो. म्हणून अशा इच्छेला निदान वर्षभर तरी मुरू द्यावे. त्या अवधीत आहे तीच नोकरी चोख करावी, आपल्या पाळकाबरोबर खेडोपाडी हिंडावे, मरणाच्या घरी आणि कर्जबाजारी घरी बसावे, आणि पगार किती, बायकामुलांची व्यवस्था काय, हे प्रश्न उघडपणे विचारावेत. ते विचारण्यात अविश्वास नाही. विवाहित असल्यास पत्नीची संमती मनापासूनची आहे की केवळ मुकाट्याची, हे नीट पाहावे. मनाची ओढ, मंडळीची साक्ष आणि परिस्थितीने दिलेली वाट या तिन्ही एका दिशेला वळल्या, तर मग मात्र टाळाटाळ करू नये. पैशाची चिंता हे कारण तर पुढे करूच नये. १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज मांडणाऱ्या टिळकांनी तो हिशेब कधीच बाजूला सारला होता. अर्थात टिळकांची नक्कल प्रत्येकाने करावी असे मी म्हणणार नाही. तेवढे धैर्य आणि तशी पत्नी प्रत्येकाला लाभत नाही.

ज्यांना तशी ओढ नाही त्यांनी स्वतःस दुय्यम समजण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने मठातील संन्याशाच्या कामाइतकेच चांभाराचे, लोहाराचे आणि शेतकऱ्याचे काम देवापुढे पवित्र आहे असे ठासून सांगितले; आणि त्याच्याही पंधराशे वर्षे आधी पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवीत होता. तहसील कचेरीत सात-बाराचा उतारा हेलपाटे न घालायला लावता हाती देणारा ख्रिस्ती कारकून, मिरजेच्या इस्पितळासारख्या ठिकाणी रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणारी परिचारिका, ऊसतोडीला गेलेल्या मजुरांच्या मुलांची वही तपासणारा शिक्षक, हे आठवड्याचे सहा दिवस आपल्या पाचारणाच्या जागेवरच हजर असतात. ख्रिस्ती मनुष्याच्या टेबलावरचा कागद लाच दिल्याविना पुढे सरकतो अशी ख्याती तालुक्यात झाली तर तिचे मोल दहा प्रवचनांहून कमी समजू नये.

अन्यभाषा, संदेश, रोगनिवारण अशा डोळ्यांत भरणाऱ्या दानांविषयी मंडळ्यांत वाद होतात आणि कित्येकदा फूटही पडते. या दानांना बंदी करावी असे पौल म्हणत नाही. पण उपासनेत अन्यभाषेत दोघांनी अथवा फार तर तिघांनी, एकामागून एक, आणि अर्थ सांगणारा असेल तरच बोलावे अशी मर्यादा घालून देतो. केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली प्रार्थनेची जी प्रचंड लाट आली तिच्या कथा आजही सांगितल्या जातात. पण त्या सांगताना सदनातील शाळा, शेती, स्वयंपाक आणि छापखाना यांचा उल्लेख सहसा गाळला जातो. अशा कोणत्याही जागृतीची परीक्षा माझ्या मते एवढीच करावी की, लाट ओसरल्यावर विहिरीचे पाणी कोण ओढतो.

शेवटची सूचना वाचकांतील पंच व वडील मंडळींसाठी. इस्राएल लोकांचे तंटे तोडीत मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसत असे; ते पाहून त्याचा सासरा इथ्रो म्हणाला की, हे बरे नव्हे, तूही झिजून जाशील आणि हे लोकही; आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसे नेमण्याची मसलत त्याने दिली. आपल्या मंडळ्यांत पाळकाने प्रवचन करावे, हिशेब लिहावा, दिवाबत्ती पाहावी आणि लग्नाचा मांडवही उभारावा अशी वहिवाट पडली असून, उरलेली मानाची कामे दोन-चार घरांत वारसाहक्काने चालत आलेली असतात. कृपादान हे कोणाचे वतन नाही. वर्षातून एकदा, कापणीचा सण आटोपल्यावर, पंचांनी मंडळीची नोंदवही समोर घेऊन प्रत्येक नावापाशी थांबावे आणि या व्यक्तीला आपण आजवर कोणते काम सांगितले, हे एकमेकांना विचारावे. ज्या नावांपुढे काहीच सांगता येणार नाही, त्यांत विधवा, नव्याने बाप्तिस्मा घेतलेले, दुसऱ्या गावाहून कामधंद्यासाठी आलेले आणि अठरा वर्षांच्या आतले बहुसंख्य निघतील. अशांच्या घरी पंचांपैकी दोघांनी पुढचा महिना संपण्याच्या आत जावे, आणि जाताना काम काय सांगावयाचे ते आधी ठरवून जावे.